सहल की दौरा?

यवतमाळ,
सोमवार, ८ ऑक्टोबर २००७

चि. सौ. भैरवीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल, रविवार दिनांक ७ ऑक्टोबर रोजी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुझ्या नवऱ्याने मला फोनवर कळवलं की या दिवाळीत तुम्ही यवतमाळला येणार नाही. माझी उभी नोकरी टेलिफोन कचेरीत ट्रंक कॉल जोडण्यात गेली, त्यामुळे कोणता कॉल किती वाजता आला यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शिकवायच्या की तक्रार करायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, रडणं नंतर. तारीख-वेळ लिहिली. रडणार मात्र नाही.

अनिकेतराव फार अदबीने बोलले. माणूस नको ते सांगताना एवढा अदबशीर होतो हे मला ट्रंक लाइनवर असल्यापासून ठाऊक आहे. म्हणाले की मुलांना घेऊन जुन्नरकडच्या कुठल्या कृषी पर्यटन केंद्रात जाणार आहोत, तिथे बैलगाडीत बसवतात, चुलीवरची भाकरी देतात आणि मुलांना झाडावरचा कापूस तोडू देतात. मी विचारलं, झाडं किती? तर म्हणे चार-पाच आहेत, कुंड्यांमध्ये. भैरवी, कापसाच्या जिल्ह्यातली पोर तू, आणि तुझ्या गुंजन-क्षितिजने कुंडीतला कापूस तोडायचा? आणि कापूस तोडत नाहीत, वेचतात. नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढं तरी शिकवायचं होतंस.

तू आणि पियुष लहान असताना सुटीत आपण कुठे गेलो नाही? चिखलदरा, माहूर, रामटेक. बायका विचारायच्या, कसं होतं? मला काय माहीत कसं होतं! चिखलदऱ्याची दरी मी पाहिलीच नाही, कठड्याशी तुझ्या फ्रॉकचा पट्टा धरून उभी होते. माहूरला पियुष माझ्या पदरात ओकला आणि देवीसमोर मी नळाचा पत्ता विचारत होते. तुझे बाबा सगळीकडे फोटो काढायचे. त्या फोटोंत माझा एक हात तेवढा दिसतो, कोणाचं तरी नाक पुसताना. आईची सुटी म्हणजे घरचंच काम, फक्त परगावी जाऊन आणि पाण्याच्या नळाशिवाय.

एका ठिकाणी मात्र मी बसायची. घाटंजीला, वच्छलाबाईंच्या वावरात. सरकारी दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या, तिचा बळीराम आणि माझा पियुष एकाच दिवशी जन्मलेले. तेव्हापासून दर दिवाळीच्या सुटीत त्यांच्या सीतादहीला आपण जातो. पहिल्या वेचणीआधी वावरात पाच दगड मांडून पुजायचे, चारी दिशांना दहीभात टाकायचा, उरलेला लेकरांना. तिथे पोचलं की वच्छलाबाई तुम्हा दोघांना माझ्या हातातून काढून घ्यायची आणि मला झाडाखाली बसायला सांगायची. अख्ख्या वर्षात तेवढीच दुपार मी कोणाची आई नसायची.

अनिकेतराव त्याला तुमचं ते दही-बिही म्हणतात. असो. मला कारण हवं आहे, आणि खरं हवं आहे. मुलांना माझे पापे.

तुझी,
आई

*

पुणे,
रविवार, १४ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अनिकेतवर रागावू नकोस. फोन त्याने केला, पण तो मी करायला लावला. मी केला असता तर तू दोन मिनिटांत माझ्याकडून कबूल करून घेतलं असतंस.

मागच्या महिन्यात गुंजनच्या शाळेतून बोलावणं आलं. मधल्या सुटीत ती व्हरांड्यात उताणी झोपली होती, डोळे मिटून, अंगावर कोणाची तरी ओढणी. तीन मुली तिच्याभोवती बसून रडत होत्या. एक मुलगा डबा डोळ्याला लावून फोटो काढत होता. बाईंनी विचारलं हे काय चाललंय, तर ही डोळे न उघडता म्हणाली, दौरा. बाई इंदूरकडच्या. त्यांच्या हिंदीत दौरा म्हणजे फिट. त्यांनी ताबडतोब तिच्या तोंडावर पाणी मारलं, चप्पल हुंगवली आणि मला फोन केला. आम्ही डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी तिच्या डोक्याला तारा लावून कागदावर रेघा काढल्या. आई, त्या तारांत तिचा चेहरा केवढासा दिसत होता, सांगता येत नाही. काही निघालं नाही. घरी येताना रिक्षात तिने आपणहून सांगितलं की तो खेळ आहे, मागच्या दिवाळीत निशीने शिकवला.

निशी म्हणजे वच्छलामावशीची नात, निशिगंधा. शेजारचे उकंडाकाका कर्जापायी जीव देऊन गेले, ज्यांच्या बैलगाडीत आमची मुलं बसायची, त्यांच्या घरी त्या वर्षी साहेब लोकांचे दौरे आले. ते पाहून गल्लीतल्या मुलांनी हा खेळ काढला. एकाने निजायचं. बाकीच्यांनी रडायचं. एकाने साहेब होऊन यायचं, धीर धरा म्हणायचं, लिफाफा द्यायचा, फोटो काढून घ्यायचा आणि जायचं. निजलेल्याने हलायचं नाही. गुंजन अभिमानाने म्हणाली की निशीनंतर सगळ्यात छान मेलेली मीच होते.

हे मी पचवलं असतं. पण मग तिने विचारलं, आई, आपण आजीच्या गावाहून तिकडे जातो ती सहल असते की दौरा? मी म्हटलं, सहल. ती म्हणाली, निशी म्हणते तुमचापण दौराच. मोटार येते, तुझी आई फोटो काढते, पिशवी देते आणि अंधार पडायच्या आत जाते.

आई, पिशवीत जुने कपडे असतात. धुऊन, इस्त्री करून नेते मी. फोटो काढते, कारण बाबांसारखे मलाही ते दिवस ठेवायचे असतात. लवकर निघतो, कारण अनिकेतला त्या रस्त्याने रात्री गाडी चालवायची नसते. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि तरी मला तिला उत्तर देता आलं नाही. कुंडीतला कापूस हास्यास्पद आहे, मला कळतं. पण तिथे कोणी मेलेलं नाही आणि आम्ही रोख पैसे देऊन येतो, म्हणजे आम्ही कोण हे कोणी विचारत नाही.

तुझ्याजवळ उत्तर असेल तर कळव. बाबांना नमस्कार.

तुझी,
भैरवी

*

ता. घाटंजी,
दसऱ्याचा दुसरा दिवस

सौ. रत्नाताईले वच्छलेचा रामराम.

मी सांगून राह्यली अन् हे लिहून राह्यले. हे म्हने का जरा सुधरून लिहितो. मी म्हतलं, जसं सांगतो तसंच लिहा, बाई कानवेंटच्या हायेत, त्यायले सारं समजते.

काल तुम्ही सोनं घेऊन आल्या. मले वाटलं, चला, दसऱ्याले घर भरलं. पुरनाचा सैपाक केला होता. तुम्ही चपलाबी काढल्या नाही. ओट्यावरच निशीले समोर उभं केलं अन् साऱ्या मोहल्ल्यापुढं झापलं, का हे मेल्याचे खेळ कोनं शिकवले, माह्या नातीच्या डोक्याले तारा लावा लागल्या. मंग तुम्ही तशाच एष्टीनं वापस गेल्या. तुमच्या वाटची पोळी मी गाईले देली.

आता माहं ऐका. उकंडाभाऊ गेले तवा त्यायच्या दारी गाड्यावर गाड्या आल्या. लेकरायनं तेच पाह्यलं. आपन लहान होतो तं बाहुलीचं लगन लावत होतो, काहून का आपन लगनं पाहत होतो. ह्या लेकरायनं दोन सालात लगन पाह्यलं कोठं? उकंडाच्या बायकोनं त्यायले कधी हटकलं नाही. मीबी नाही हटकत. मी ओट्यावर बसून पाहतो. काहून ते सांगतो. त्या खेळात निजलेलं लेकरू शेवटी उठते. फराक झटकते अन् म्हनते, झाली माही पाळी, आता तू. मले तेवढंच पाहाचं राहते.

निशी तुमच्या येन्याले दौरा म्हने, हे खरं हाये. मले मालूम झालं तवा मी तिले समजावलं, का बेटा, दौरेवाले आपल्या घरी जेवत नाहीत, आजी जेवते. काल तुम्ही तशाच गेल्या. आता मी तिले काय सांगू, तुम्हीच सांगा.

अजून एक बोलतो. तुमची सहल होती, तं आमचीबी होती. साऱ्या सालात तो एक दिवस मी वावरात जाऊन कामाले हात लावत नव्हतो. घरचे म्हनत, पाहुनी हाये, बसू द्या तिले. तुमच्या लेकरायच्या मांगं पळत होतो, पन ते काय काम हाये? तुम्ही येनं सोडलं तं माही सुटी खतम.

सीतादही दिवाळीच्या आंधी मंगळवारी ठेवली हाये, ६ तारखेले. कापूस फुटला, त्याच्या पुढं थांबता येत नाही. निशी कालपासून कोनाशी खेळत नाही. खांबाले टेकून बसते. बाकीचे लेकरं आले तं घरात निंगून जाते.

जास्त बोलली असन तं पोटात ठेवजा. येनं मात्र सोडू नोका.

वच्छला
(लिहिणार किसनराव. यात माझे काही नाही.)

*

यवतमाळ,
शुक्रवार, २६ ऑक्टोबर

चि. सौ. भैरवीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत वच्छलाबाईंचं पत्र. किसनरावांनी त्यांच्या शब्दांना हात लावलेला नाही, तूही लावू नकोस. अनिकेतरावांना संपूर्ण वाचून दाखव. मध्ये उठू लागले तर बसव.

पत्र आलं त्याच दिवशी तुझ्या बाबांनी ते वाचलं, घडी केली आणि म्हणाले, सेवानिवृत्त बाईंनी तक्रार अर्ज बहुतेक चुकीच्या खात्याकडे दिला. मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. माणूस चाळीस वर्षांत एकदा बरोबर बोलतो आणि तेही नेमकं अशा वेळी.

काल मी परत घाटंजीला गेले. जेवले. वच्छलाबाईंनी वरण दोनदा वाढलं, दोन्ही वेळा नाही म्हटलं नाही. उकंडाच्या घराला कुलूप आहे. बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली, मुकुटबनकडे. त्यांच्या अंगणात बैलगाडीची दोन चाकं भिंतीला लावून ठेवलेली आहेत, गाडी नाही.

निशिगंधा खांबाशी बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं की खेळ बाळा, जे खेळायचं असेल ते खेळ, मी काही म्हणणार नाही. ती उठून उभी राहिली. म्हणाली, नाही बाई, आता नाही खेळत. नऊ वर्षांची मुलगी, एखाद्या कचेरीतल्या कारकुनासारखी म्हणाली. दसऱ्यापर्यंत ती मला आजी म्हणत होती.

पोरी, मी आयुष्यात पुष्कळांना गप्प केलं आहे. अधीक्षकांना, तुझ्या आत्याला, लाइनवर शिव्या देणाऱ्या व्यापाऱ्यांना. ते सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला लागायचे, म्हणून मला कधी त्याचं काही वाटलं नाही. ही बोलत नाही. वच्छलाबाई जेवणानंतर ओट्यावर येऊन बसल्या आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. तिथे कोणी नव्हतं. मग त्या उठल्या आणि भांडी घासायला गेल्या.

तू मला उत्तर मागितलं होतंस. माझ्याजवळ ते नाही. आपण इतकी वर्षं तिकडे सहल म्हणून गेलो आणि तिकडून ती काय दिसते हे बघायला कोणी आपल्याला त्या ओट्यावर बसवलं नव्हतं. त्या मुलीने बघितलं आणि नाव दिलं. तिच्याशी वाद घालून ते नाव बदलणार नाही. मी घालून बघितला.

एवढं मात्र कळलं आहे की मोठ्या माणसाने बंद पाडलेला खेळ मोठ्या माणसाला पुन्हा सुरू करता येत नाही. त्याला लेकरूच लागतं. मोहल्ल्यातली मुलं आता तिच्याकडे येत नाहीत. जिने तो खेळ तिच्याकडून शिकून पुण्याच्या शाळेत नेला, आणि जिच्यामुळे तिला बोलणी बसली, ती गुंजन एकटीच तिच्यापुढे जाऊन उभी राहू शकते. ती सात वर्षांची आहे आणि मी तिच्यावर हे टाकते आहे, हे मला समजतं. दुसरं कोणी असतं तर टाकलं नसतं.

तेव्हा हुकूम नाही, पण लिहिते ते नीट वाच. मंगळवारी, ६ नोव्हेंबरला वच्छलाबाईंकडे सीतादही आहे. मोटार यवतमाळला आपल्या दारात ठेवायची आणि घाटंजीला एष्टीने जायचं. कॅमेरा आणायचा नाही. जुन्या कपड्यांची पिशवी आणायची नाही, देण्याऐवजी या वेळी त्यांच्याकडून काहीतरी मागून घ्या. रात्री तिथेच राहायचं. त्यांच्याकडे सतरंज्या आहेत. क्षितिज रात्री रडेल, रडू दे, सगळीच मुलं रडतात.

निशिगंधेने गुंजनला पुन्हा निजायला सांगितलं, तर निजू दे. तुला बघवणार नाही. मलाही बघवणार नाही. आपण दोघी वच्छलाबाईंजवळ बसू आणि गुंजन उठेपर्यंत बसून राहू. आणि निशिगंधेने काहीच सांगितलं नाही, खांब सोडलाच नाही, तर गुंजनने तिच्या शेजारी बसायचं. याहून पुढचं मला काही सुचलेलं नाही, आणि मला न सुचण्याची सवय नाही.

तुम्ही येणार नसाल तर तसं लिही. मग मी वच्छलाबाईंना निरोप देईन आणि एकटी जाईन. गेले तरी त्या मुलीला तो माझा दौराच वाटेल, हे धरून चालले आहे.

उत्तर लेखी हवं. फोन आला तर मी उचलणार नाही, बाबांनाही उचलू देणार नाही. गुरुवार, १ नोव्हेंबरच्या टपालात ते माझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे सोमवारी तू ते पेटीत टाकलेलं असलं पाहिजे. येणार किंवा येणार नाही, यांपैकी एक लिहायचं. बघू असं लिहायचं नाही.

लोभ आहे. तो कुठे ठेवायचा ते गुरुवारी कळेल.

तुझी,
आई