नव्वद टक्के तयार इंजिन

८ जून, रविवार
ही वही इंजिनसाठी आहे. मापं, तारखा, पार्ट नंबर. वैयक्तिक नोंदी इथे करायच्या नाहीत.

वाहन: येझदी, १९८३. मातीतल्या शर्यतींसाठी बदललेली. मडगार्ड उंच, सायलेन्सर वर वळवलेले, हेडलाइट काढून टाकलेला. मालक खेमसिंग राठोड, वय ६८, महागावजवळच्या तांड्यावर राहतात. बाबा महागावला भूकरमापक होते तेव्हापासूनची ओळख. गाडी एकोणतीस वर्षं गोठ्यात बंद. सिलिंडरच्या पात्यांमध्ये कडबा.

खेमसिंगकाकांचा उजवा कान गेला आहे, डावा जातो आहे. डॉक्टर म्हणाले, नस सुकते आहे, वर्षभर टिकला तरी पुष्कळ. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण त्यात माणूस आणि भांडं सारखंच वाजतं म्हणे. त्यांना ही गाडी चालवायची नाही, कान आहे तोवर एकदा ऐकायची आहे. मला म्हणाले, "तुझ्यानं होत असंल तर सांग, बेटा. नाई तर भंगारवाल्याले देऊन टाकतो."

मी १५ ऑगस्ट ही तारीख दिली. काम सहा आठवड्यांचं, उरलेले चार राखीव. हा अंदाज नाही, हिशेब आहे.

चाकणची नोकरी मी मार्चमध्ये सोडली. क्वालिटी इन्स्पेक्शन. कंपनीला माझा दर्जा झेपला नाही. ही नोंद फक्त माझ्याकडे वेळ आहे हे स्पष्ट व्हावं म्हणून.

१५ जून
गाडी यवतमाळला आणली. आमच्या गॅरेजमधून बाबांची स्कूटर बाहेर काढली. बाबा म्हणाले, "माझी चालू गाडी पावसात आणि त्यांची बंद गाडी आत. शिक्षण वाया नाही गेलं." स्कूटरवर ताडपत्री टाकली.

२२ जून
इंजिन पूर्ण उघडलं. १४१ भाग. प्रत्येकाला पिशवी, पिशवीला नंबर. आईने विचारलं, तुझ्या लग्नाच्या याद्या इतक्या नीट होतील का. हा भाग या वहीत बसत नाही.

२९ जून
सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मिलिमीटरमध्ये मोजला. मूळ ६५.००, आता झिजून ६५.५८. म्हणजे ६५.७५ चा पिस्टन लागेल. त्यापुढे फक्त घासणं आणि जोडणं. पिस्टन आठवड्याभरात मिळेल.

६ जुलै
मिळाला नाही.

१३ जुलै
पुसदला गेले. भीमराज यांचं स्पेअर पार्टचं जुनं दुकान, तिसऱ्या पिढीचं. त्यांच्याकडे ६५.५० चा पिस्टन आहे, डबा न उघडलेला. बोअर जेमतेम साफ करून घेतला तर बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, पिस्टन आणि सिलिंडरमधली फट ०.१२ राहील, ०.०७ हवी. ते म्हणाले, "वाजंल थोडी. पण चालंल ना, ताई." मी म्हटलं, चालणं आणि बरोबर असणं यात फरक आहे. त्यांनी गिऱ्हाइकांकडे बघून विचारलं, "ताई इंजिन बनवून राह्यल्या का घड्याळ?" दोघं हसले. तिसरा हसला नाही, तो बहुधा शिक्षक असावा.

परत येताना तांड्यावर थांबले. काकांना डाव्या बाजूला बसून सगळं समजावलं. ढिला पिस्टन सिलिंडरवर आपटतो, आवाज होतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग वाजू दे ना." त्यांना तांत्रिक मुद्दा कळला नाही. वयाचा परिणाम.

त्यांच्या पत्नी रुपीबाई अंगणात फवारणीचा पंप खोलून बसल्या होत्या. त्याचंही टू-स्ट्रोक इंजिन. मापाविना दोनदा खोललं, दोनदा जोडलं, चालू आहे म्हणाल्या. मी सांगितलं, याची तुलना होत नाही.

२७ जुलै
ऑनलाइन ६५.७५ सापडला. विक्रेता तामिळनाडूतला, फोटो स्पष्ट, बोलणं नम्र. प्रश्न सुटला. यातून सिद्ध झालं की थांबलं की योग्य वस्तू मिळते.

९ ऑगस्ट
पार्सल आलं. पिस्टन सुंदर आहे. पिनचं भोक एक मिलिमीटर मोठं आहे. पिस्टन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
तांड्यावर फोन केला. काकांना नवी तारीख सांगितली: पोळा. त्यांनी सगळ्याला "हो, हो" म्हटलं. त्यांना तारीख कळली. नंतर फोन रुपीबाईंनी घेतला आणि विचारलं, "काय म्हणलं तू त्याईले? ते मले सांगून राह्यले का तुह्या घरी सगळे बरे हायेत म्हणून."

नेटवर्क खराब असावं.

२२ ऑगस्ट, पोळा
बाबांबरोबर तांड्यावर गेले, इंजिनाशिवाय. प्रगतीचा अहवाल प्रत्यक्ष द्यावा म्हणून. काकांचे बैल सजवलेले, गळ्यात घुंगरांच्या माळा, पाठीवर झूल. बाबांनी काकांना मोठ्याने विचारलं, घुंगरं नवी घेतली वाटतं, आवाज चांगला आहे. काका म्हणाले, "हो, चांगली दिसतात."

घरी येताना बाबा म्हणाले, तो ६५.५० चा घेऊन टाक, केतकी. मी म्हटलं, तुम्ही मोजणीत अशी सूट दिली असती का. ते म्हणाले, बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले की फूटभर सूट द्यायचो आणि चहा पिऊन यायचो. तीस वर्षांत एकही मुडदा पडला नाही.

बाबांच्या नोंदी तपासल्या गेल्या नसाव्यात.

७ सप्टेंबर
भीमराज यांचा फोन. अकोल्याच्या एका बंद गोडाऊनमध्ये त्यांना ६५.७५ मिळाला. स्वतः जाऊन शोधला. मी पिनचं भोक, कडांची उंची आणि रिंगांच्या खोबणी मोजून कळवायला सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी दुकानदार आहो, पोस्टमार्टमवाला नाई." तरी मोजून कळवलं. सगळी मापं बरोबर.

आभार मानायचे राहिले. पुसदला गेल्यावर मानेन.

२१ सप्टेंबर
बोअर ६५.८२, पिस्टन ६५.७५. फट ०.०७. तीन वेळा मोजली, तीन वेगवेगळ्या तासांना, कारण धातू उन्हाने फुगतो. ०.०७, ०.०७, ०.०७. अशा दिवशी माणसाला दुसरं काही लागत नाही.

२८ सप्टेंबर
क्रँक बसवला. क्रँककेस बंद. काम नव्वद टक्के. उरलं सिलिंडर बसवणं, हेड, कार्ब्युरेटर आणि टायमिंग. दोन दिवसांचं काम. रुपीबाईंना कळवलं: ५ ऑक्टोबर, रविवार, सकाळी अकरा. त्या म्हणाल्या, लवकर आण, छोरी, अजून इंद्रजीतचा ट्रॅक्टर आला का त्याईले समजते. इंद्रजीत म्हणजे त्यांचा मुलगा. मी सांगितलं, रविवार म्हणजे रविवार.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी ११.४०. ही नोंद शांतपणे करते आहे.

रॉडचं माप दिवसाच्या उजेडात एकदा पुन्हा घ्यावं म्हणून क्रँककेसचं वरचं तोंड उघडं ठेवलं होतं. त्यावर स्वच्छ कापड होतं. मी आंघोळीला गेले. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते हे मला माहीत आहे, मिक्सर आणि स्कूटरची झालेली मी पाहिली होती. आईने कापड बाजूला केलं, इंजिनला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि अक्षता वाहिल्या. आत.

मी विचारलं, आत का? आई म्हणाली, "अगं, देवाला वाहताना बाहेर सांडायच्या का?"

दुपारी ३.००. चिमट्याने आणि हवेच्या झोताने १७ तांदूळ काढले. सगळे अखंड. आईला विचारलं, किती टाकले होते. ती म्हणाली, अक्षता कुणी मोजून टाकतं का.

३ ऑक्टोबर
अंदाजावर जाता येणार नाही. आईला त्याच वाटीतून त्याच हाताने दहा वेळा चिमूट टाकायला लावली, ताटात. सहाव्या वेळी ती म्हणाली, आता मला तांदूळ बघून मळमळतं. दहाही पूर्ण केल्या. सरासरी १८.४.

सापडले १७. म्हणजे सांख्यिकीदृष्ट्या १.४ तांदूळ अजून आत आहे.

बाबा म्हणाले, इंजिन गरम झालं की शिजेल, खिचडी झाली की हाक मार. आई म्हणाली, उलटं करून झटक की गं. उलटं करून झटकलं होतं. काही पडलं नाही. पण काही न पडणं हा पुरावा नव्हे.

४ ऑक्टोबर
क्रँककेस पुन्हा पूर्ण उघडली. दोन अर्ध्यांमधलं गॅस्केट फाटलं, ते फाटणारच असतं. आत भिंग लावून पाहिलं.

तांदूळ: शून्य.

म्हणजे आता खात्री आहे. ही खात्री काल नव्हती. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

रुपीबाईंना रविवार रद्द झाल्याचं कळवलं. कारण तांत्रिक सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याईनं दाढी करून ठेवली.

१२ ऑक्टोबर
पुसद. केसचं गॅस्केट भीमराज यांच्याकडे होतं ते एकच, आणि ते मीच नेलं होतं. ते म्हणाले, शीट आहे, कात्रीनं कापून देतो, दहा मिनिटांचं काम. शीट मोजली: ०.५ मिलिमीटर. मूळ गॅस्केट ०.४. मी नको म्हटलं. भीमराज यांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "ताई, तुमाले हे इंजिन सुरू करायचं तर हाय ना?"

विचित्र प्रश्न. हो म्हटलं.

आभार मानायचे या वेळीही राहिले. वातावरण नव्हतं.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
गॅस्केट मागवलं आहे. दिवाळीत कुरियर बंद. माझ्या हातात नसलेल्या गोष्टी माझ्या नावावर घेऊ नयेत.

२ नोव्हेंबर
तांड्यावर फोन केला. काकांना द्या म्हटलं. रुपीबाई म्हणाल्या, त्याईले देऊन काय फायदा, छोरी. सोयाबीन निघालं, मळणी झाली, चार दिवस मशीन दारात वाजत होतं, ते बाजूला खाटेवर झोपले होते.

मी म्हटलं, मळणीयंत्र आणि टू-स्ट्रोकची तुलना होत नाही. टू-स्ट्रोकच्या आवाजाची पट्टी वेगळी, वरची. तो वेगळा ऐकू येऊ शकतो. रुपीबाई म्हणाल्या, "असंल."

वरच्या पट्टीचा आवाज आधी जातो की खालच्या, हे तपासायला हवं.

३ नोव्हेंबर
तपासलं. बहुतेकांचा वरच्या पट्टीचा आधी जातो. प्रत्येक माणूस वेगळा असतो.

१६ नोव्हेंबर
गॅस्केट आलं. ०.४.

३० नोव्हेंबर
सिलिंडर, हेड, कार्ब्युरेटर, टायमिंग. सगळं जागेवर. पेट्रोलमध्ये तेल मापी नळीने. इंजिन घरी सुरू करून पाहिलं नाही. तांड्यावर नेण्याआधी ट्रायल घेणं हीच योग्य पद्धत आहे, तरी घेतली नाही. पहिला आवाज दुसऱ्या कुणी ऐकू नये असं वाटलं. हे कारण तांत्रिक नाही. खोडत नाही, पण मोजतही नाही.

७ डिसेंबर, रविवार
सकाळी अकरा. इंद्रजीतच्या पिकअपमधून गाडी तांड्यावर उतरवली. पन्नासेक माणसं होती. काका पांढरा फेटा बांधून, दाढी करून, खाटेवर बसले होते. खाट गाडीपासून दोन हातांवर, डावा कान गाडीकडे. मी वाकून पाया पडले. आम्ही सहसा पडत नाही.

नवव्या किकला इंजिन लागलं.

आवाजाचं वर्णन इथे करणार नाही. एक बकरी दावं तोडून पळाली. लेकरांनी कान झाकले. इंद्रजीतच्या बायकोने, ममताने, कडेवरचं बाळ घेऊन घराचं दार लावलं. मी ॲक्सिलरेटर वाढवला, मग आणखी वाढवला. निळा धूर थेट रस्त्यापर्यंत गेला.

काका माझ्या पायाकडे बघत होते. थोड्या वेळाने, इंजिनाच्याही वर ओरडून, म्हणाले, "लागून नाई राह्यली का? चोक दे, बेटा. थंडीची चोक लागते तिले."

रुपीबाई खाटेवर त्यांच्या समोर बसल्या, बोट गाडीकडे केलं, मग मूठ हवेत फिरवली: चालू आहे. त्यांना पटलं नाही. ते उठले, टाकीवर तळहात ठेवला. ठेवून राहिले. मी ॲक्सिलरेटर स्थिर धरला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग ते माझ्याकडे बघून हसले, अगदी नीट, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

म्हणाले, "हो, चालू हाय. मंग बंद कर, बेटा. पेट्रोल कायले जाळतं."

बंद केलं. इंजिन एकूण चार मिनिटं चाललं. फट ०.०७. पिस्टन अजिबात वाजत नव्हता.