कायमचे बंद

डोंबिवली पूर्व
रविवार, २ ऑगस्ट

प्रिय माधवी,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील, आणि ओळखून पाकीट तसंच फळीवर टाकून ठेवलं असशील तरी माझी तक्रार नाही. दोन वर्षं आपण बोललो नाही. एवढ्या काळात फोनवर कितीतरी वेळा तुझं नाव काढलं, बघत बसले आणि फोन उलटा ठेवला. आज कागद घेतला. माझ्यासारखीने हाताने पत्र लिहावं हा विनोदच आहे म्हणा. जिची भाकरी 'जे शोधात सापडत नाही ते नाहीच' एवढ्या एका वाक्यावर चालते, तिला आज असं काही लिहायचंय जे कुठल्याच शोधात येणार नाही. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

दर्शना परवा फडके रोडवर भेटली. आपली कॉलेजची दर्शना अजून तशीच आहे, एका श्वासात चार घरांच्या बातम्या. ती म्हणाली, नारळी पौर्णिमा झाली की तू दुकान बंद करणार. चेंदणी कोळीवाड्यातला तुझ्या आईचा, माझ्या मावशींचा, तो ओटा, त्यावरच्या सुक्या मासळीच्या टोपल्या, काटा, सगळं आवरणार आणि मावशींना घेऊन आत बसणार. नवं गिऱ्हाईकच येत नाही, म्हणालीस म्हणे. आणि त्याहून वाईट बातमी तिने जाता जाता दिली, की सुदेशशी तुझं बोलणं नाही. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला तो राखी बांधून घ्यायला आला, अर्धा तास ओट्यावर बसला आणि तसाच गेला. सख्खा धाकटा भाऊ, ज्याला कडेवर घेऊन तू खाडीवर होड्या दाखवायला न्यायचीस. मी भाजी न घेताच घरी आले.

टी.वाय.ला असताना मी पहिल्यांदा तुमच्या ओट्यावर बसले ते तुला आठवतं का? मी कल्याणच्या चाळीत वाढलेली. सुकट खाल्ली होती भरपूर, पण निवडली कधी नव्हती. मावशींनी सूप माझ्या पुढ्यात सारलं आणि म्हणाल्या, "बस बाये, आदी हात चालव, तोंड मंग." जवळ्यातले खडे-काड्या वेचता वेचता मला सारखं वाटत होतं, ही असली मासळी मिळते ते लोकांना माहीत कसं नाही? पुढे दुकानांची नावं नेटवरच्या शोधात वर आणायची नोकरी लागली तेव्हा पहिलं काम मी ते केलं. फोनवरच्या नकाशावर तुमच्या दुकानाची खूण लावली, पान तयार केलं, उत्तनहून आलेल्या बोंबलांचे फोटो टाकले, मावशींचा हात दिसेल असे. मावशींचा ईमेल कुठला असायला, म्हणून सगळं माझ्याच खात्यावर. दोन महिन्यांत 'ठाण्यात सुकी मासळी' असं कोणीही शोधलं की पहिलं नाव मावशींचं, आवडाबाईंचं, यायला लागलं. मी रोज सकाळी आधी ते बघायचे, मग दात घासायचे. घोडबंदर रोडवरून गाड्या येऊ लागल्या, आणि मावशींनी त्या लोकांना नावच पाडलं. "आज चार नकाशावाले आलते," असं सांगायच्या, आणि त्यातल्या सुनांना बोंबलाची चटणी कशी करायची तेही फुकटात शिकवायच्या.

मग रीलचं खूळ आलं. नुसतं शोधात वर येऊन भागेना. माणसं फोनवर बोट सरकवत बसलेली असतात, तिथे दिसायला हवं. मी मावशींना ठेवणीतलं लुगडं नेसायला लावून, डोक्यावर टोपली देऊन, गाण्यावर ठेका धरायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मावशी तयार होत्या, त्यांना मजाच वाटत होती. तू मधे आलीस. आईला नाचवून मासळी विकायची नाही, म्हणालीस. आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेले की मी नसते तर तुमचं नाव स्टेशनच्या पुलापलीकडे तरी कोणाला कळलं असतं का? तू माझ्या हातातलं सूप घेतलंस आणि आत नेऊन ठेवलंस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. त्या सुपाचा राग माझ्या डोक्यात किती दिवस होता, तुला कल्पना नाही. चूक माझी आहे हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण मला कळतं आणि वळत नाही, हे तुझं जुनंच म्हणणं.

ऑफिसचं सांगते. माजिवड्याचं तेच ऑफिस, तेच रवींद्र सर, फक्त खुर्च्या रिकाम्या. आम्ही आठजणी लेख लिहायचो, आता तिघी उरलोय. पूर्वी माणूस काही शोधायचा, त्याला दहा लिंक दिसायच्या, त्यातली एखादी तो उघडायचा. आमची सगळी मारामारी त्या दहांत वर यायची. आता वरच तयार उत्तर येतं, चार ओळींचं. लोक ते वाचतात आणि निघून जातात, खाली कोणी उतरत नाही. तरुण पोरं तर जेवायला कुठे जायचं तेही रीलमध्येच शोधतात. म्हणून सरांचा नवा मंत्र असा, की लिंक गेली खड्ड्यात, उत्तरात आपल्या क्लायंटचं नाव आलं पाहिजे. मी दिवसभर त्या उत्तर देणाऱ्या यंत्राला गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारते. ठाण्यात चांगला दातांचा डॉक्टर कोण, कल्याणला लग्नाचा हॉल कुठला. नाव आलं की तक्त्यात खूण करायची, नाही आलं तर का आलं नाही ते शोधायचं. बीकॉम करून भिंतीशी बोलते, असं बाबा म्हणतात. पण या कामात एक गोष्ट मात्र पक्की समजली. यंत्र स्वतः उठून कुठे बघायला जात नाही. कोणीतरी एकदा काहीतरी लिहितं, दहाजण ते उचलतात, आणि मग त्याच्या लेखी तेच खरं.

तुमच्या दुकानाचं तेच झालं. दोन वर्षांपूर्वी नकाशावर मावशींच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत 'कायमचे बंद' असं आलं. ते दुकानांच्या याद्या करणाऱ्या साइटींनी उचललं. मग ठाण्यातल्या हरवलेल्या जागांवर कोणीतरी हळवा लेख लिहिला. त्या लेखावरून कोणीतरी रील केली, मागे बासरी, पुढे मी काढलेला मावशींच्या हाताचा फोटो, आणि खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. दर्शना सांगत होती, टेंभी नाक्याची एक बाई ते बघून खरंच सांत्वनाला आली, आणि दारात मावशीच! "बाये, मेल्या मानसानं सुकट निवडलेली बगितलीस कवा?" असं विचारून मावशींनी तिला जवळा बांधून दिला. मी भर रस्त्यात खो खो हसले. पण दर्शनाचं सांगून संपलं नव्हतं. तुम्हाला हे सगळं कळेपर्यंत वर्ष उलटलं होतं. मग सुदेशने दुकानाचे फोटो पाठवून पाठवून नकाशावरचं ते 'बंद' काढून घेतलं, आणि तिथेच तुझा संशय पक्का झाला. ज्याला उघडता येतं त्यालाच बंद करता येतं, असं तू त्याच्या तोंडावर म्हणालीस. त्याआधी त्याने जागा बिल्डरला द्यायचा विषय काढला होता, म्हणून. त्याने एकविरा आईची शपथ घेतली तरी तू मान वळवलीस. हे ऐकल्यावर माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

काल शनिवार, अर्ध्या दिवसाचं ऑफिस. क्लायंटचे प्रश्न बाजूला ठेवून मी यंत्राला विचारलं, ठाण्यात चांगली सुकी मासळी कुठे मिळेल? उत्तर आलं की चेंदणी कोळीवाड्यात आवडाबाईंचं दुकान प्रसिद्ध होतं, परंतु ते आता कायमचं बंद झालं आहे. त्याखाली घोडबंदर रोडवरच्या एका एसी दुकानाचं नाव, जिथे मासे काचेआड ठेवलेले असतात. नकाशा दुरुस्त होऊन वर्ष झालं, तरी वर हे असं. मी हिंदीत विचारलं, इंग्रजीत विचारलं, पत्ता देऊन विचारलं. तेच. त्या वेळी मावशी ओट्यावर बसून माश्या वारत गिऱ्हाइकाची वाट बघत असतील, असं माझ्या मनात आलं आणि मला तिथे बसवेना. अकराच वाजले होते, पण डोकं दुखतंय सांगून निघाले.

घरी बाबा एकटेच होते. आई टिटवाळ्याला दादाकडे असते, नातवापायी. बाबा कल्याणच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे ते तुला माहीत आहे, अजूनही वाण्याच्या पुडीच्या कागदावरच्या चुका काढतात. त्यांना मी सगळं सांगितलं, पण ऑफिसातल्या एका मुलीची गोष्ट म्हणून. त्यांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं, मुलीचं नाव विचारलं नाही. मग त्यांनी मला एक कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका वर्षी दहावीच्या निकालाची पुरवणी त्यांनी जुळवली आणि त्यातला एक नंबर गळला. मालक म्हणाले, उद्या शुद्धिपत्रक छापू, विषय संपला. बाबा त्याच संध्याकाळी शाळेतून पत्ता काढून सायकलवर त्या मुलीच्या घरी गेले. पोरगी सकाळपासून माळ्यावर जाऊन बसलेली, जेवलेली नाही. बाबांनी तिच्या वडिलांपुढे हात जोडले आणि सांगितलं, नंबर माझ्या हातून पडला, पोर पास आहे. वडिलांनी आधी शिव्या घातल्या, मग चहा दिला. "शुद्धिपत्रक छापायचंच," बाबा म्हणाले, "जिथे चूक छापली तिथेच, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. पण त्याआधी त्या घरात जायचं. सांग तुझ्या मैत्रिणीला." आणि ते आत जाऊन पडले.

तर ऐक, माधवी. सुदेशने काही केलं नाही. ते 'कायमचे बंद' मी केलं. तू सूप आत ठेवलंस त्याला आठ दिवस झाले होते. ते एसी दुकान आमचं नवं क्लायंट झालं होतं, आणि सरांनी आसपासच्या मासळीच्या दुकानांची एक यादी दिली होती, यातली जी चालत नाहीत ती बंद म्हणून कळव. चाळीस नावं होती, त्यात मावशींचं. यादीत ते कोणी घातलं मला माहीत नाही, पण दुकान चालू आहे हे त्या ऑफिसात एकट्या मला माहीत होतं, आणि पान माझ्याच खात्यावर असल्यामुळे मी सांगेन ते नकाशा लगेच मानणार हेही. मी थांबले. मला सूप आठवलं. आणि मी बटण दाबलं. उद्या परत उघडीन असं स्वतःला सांगितलं, आणि तो उद्या मी कधी येऊच दिला नाही. चुकून झालं नाही, कोणी करायला लावलं नाही, मी केलं. शुद्धिपत्रक लिहून तयार आहे, माझ्या नावानिशी, माझ्या फोटोसकट: आवडाबाईंचं दुकान चालू आहे, ते बंद असल्याचं मी खोटं कळवलं होतं. जिथे जिथे ते पसरलंय तिथे तिथे टाकणार, त्या बासरीवाल्या रीलखालीसुद्धा. नोकरी जाईल, जाऊ दे. पण आधी तुझ्या घरात यायला हवं होतं, आणि तुझ्या दारात उभं राहायची माझी छाती होत नाही, म्हणून हा कागद पाठवतेय. माफी मागायला तोंड नाही. दोन गोष्टी मागते. सुदेशला आजच फोन कर, हे पत्र त्याला दे, आणि या पौर्णिमेला त्याला मोकळ्या मनगटाने पाठवू नकोस. आणि टोपल्या आवरू नकोस. यंत्राला उशिरा कळतं, पण कळतं. निदान दिवाळीपर्यंत थांब. मी खोटं खोटं बंद केलेलं दुकान तू खरंच बंद करू नकोस.

अजून म्हणवून घेतलंस तर तुझीच,
मेघना