पन्नास किलोचा दगड

५ मे, रविवार, सकाळी ११.३०
ढवळतोय. उजव्या हाताने घमेल्यात थापी, डाव्या हाताने ही नोंद. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, तीन भाग खडी. पाणी अंदाजाने. बायको म्हणाली, अंदाज कोणाचा, तुमचाच ना? ढवळत राहिलो. श्वास कामासाठी राखून ठेवायचा आहे.

दुपारी १२.१५
ओतलं. साचा म्हणून बाथरूममधली निळी बादली. कोपऱ्यावरचा गवंडी म्हणाला होता, आधी डब्यात छोटा दगड करा. छोट्यापासून छोटी माणसं सुरुवात करतात. ओल्या काँक्रीटवर खिळ्याने कोरलं : ५० किलो. वजन केलेलं नाही. आकडा आधी ठरवावा, ताकद मागून येते.

संध्याकाळी
कारण लिहून ठेवतो. ऑफिसात पाण्याचा जार मशीनवर कोणी चढवायचा याची यादी भिंतीवर आहे. सोमवार माझा. नऊ वर्षं माझा. मार्चमध्ये जार निसटला. वीस लिटर पाणी साहेबांच्या टेबलाखालून जिन्यापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी सोमवारपुढे टायपिस्टबाईंचं नाव, आणि माझ्याकडे पेले विसळणं. कोणी एक शब्द बोललं नाही. तेच लागलं.
काल सर्वांसमोर जाहीर केलं : ३ जूनच्या सोमवारी जार मी चढवणार. तोवर या दगडावर सराव. शिपाई म्हणाला, फडकं तयार ठेवतो.

७ मे
बादलीतून दगड निघेना. आतून तेल लावायचं राहिलं. बादली कापावी लागली. बायको म्हणाली, ती माझ्या आईने दिली होती. बादली ही काय आठवण म्हणून जपायची गोष्ट आहे? हे मनात म्हटलं.
दगड देखणा झाला आहे. फक्त उलटा उभा राहतो, त्यामुळे आकडा खाली गेला.
गवंडी म्हणतो, अठ्ठावीस दिवस पाणी मारा, पक्का होऊ द्या, तोवर उचलाउचल नको. पटलं. दगडाला विश्रांती तर उचलणाऱ्यालाही. दोघं एकदम पक्के होऊ. हिशेब केला : २ जून. बरोबर आदला दिवस. प्लॅनिंग यालाच म्हणतात.

९ मे
आत्या आली. गुडघ्यांच्या ट्रीटमेंटसाठी महिनाभर राहणार. पंचवीस वर्षं बेकरीत पिठाची पोती उचलली, त्यात गुडघे गेले. मी बजावलं, आत्या, इथे तू कशाला हात लावायचा नाहीस. ती म्हणाली, बरं. आणि सोफा उचलून त्याखाली झाडायला लागली.

१२ मे
दगड गॅलरीत मधोमध होता. आज कुंड्यांपाशी सापडला. फरशीला उतार असावा.

१३ मे
आज दाराशी. उतार दुसऱ्या बाजूलाही असावा. बिल्डरला पत्र लिहिणे.

१५ मे
दगड बाथरूममध्ये. पत्र फाडलं. आत्याला विचारलं. म्हणाली, पाणीच मारायचं ना याला? मग मी यावर बसून आंघोळ करते, दोघांचं एकदम होतं. खाली बसवत नाही रे मला. विचारलं, पण नेलास कसा? म्हणाली, कडेवर. तू याहून जड होतास बाळा, आणि वर लाथा मारायचास.
ती रोज नेते आणि रोज गॅलरीत परत आणून ठेवते.
विचार केला. काँक्रीट वाळताना पाणी सोडतं. म्हणजे दगड दिवसेंदिवस हलका होतोय. पुढच्या वेळी साठचा ओतणे.

१९ मे
मानसिक ट्रेनिंग सुरू. डोळे मिटून दगड तेरा वेळा उचलला. घाम फुटला. बायको म्हणाली, पंखा लावा.

२२ मे
कापलेली बादली न्यायला भंगारवाला आला. मी नको म्हणेपर्यंत आत्याने दगड त्याच्या काट्यावर ठेवला. चोवीस. मी म्हटलं, काटा खोटा आहे. तो म्हणाला, खोटा आहे साहेब, पण इतका नाही.

२७ मे
आत्याला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर चकित. मांड्या भरल्यात, गुडघे मोकळे झालेत. विचारलं, आजी, व्यायाम कुठला करता? आत्या म्हणाली, व्यायाम कसला मेला, आंघोळ करते.
माझी पद्धत यशस्वी ठरली, याची इथे नोंद करतो. फक्त निकाल चुकीच्या माणसावर लागला.

३० मे
शिपायाने विचारलं, सोमवारचं नक्की ना? नक्की म्हटलं. पेले विसळताना दंड थोडे फुगवून ठेवले. कोणाच्या लक्षात आलं नाही. शर्ट सैल आहे.

२ जून, रविवार, सकाळी १०.४०
अठ्ठाविसावा दिवस. आत्या आंघोळ उरकून दगड घेऊन आली, माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, घे. बायको मोबाइल रोखून उभी. पायांत खांद्यांइतकं अंतर. पाठ सरळ. फॉर्म निर्दोष. उचलला.
खालून कागद सरकेल इतका. पण उचलला.
बायको म्हणाली, रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही, परत करा. परत केला. कमरेतून कट असा आवाज आला.

दुपारी १
उताणा पडून लिहितोय. पेन उलटं चालत नाही म्हणून पेन्सिल. कंबर लचकलेली नाही, आखडली आहे. यात फरक आहे. आत्याने पाठ रगडली. तिचा हात फार जड आहे.
रजेचा अर्ज लिहिला. कारण : ट्रेनिंगचा शेवटचा टप्पा. बायकोने ते खोडून 'कंबर' लिहिलं.
टायपिस्टबाईंना उद्याची मोकळीक दिली होती मी. आता जार कोण चढवणार?

३ जून, सोमवार
सकाळी आत्या अर्ज घेऊन ऑफिसात गेली. जार जमिनीवरच होता, सगळे त्याच्याभोवती उभे होते. आत्याला तहान लागली होती. तिने जार कडेवर घेतला, मशीनवर चढवला, पेलाभर पाणी प्यायली आणि पेला विसळून ठेवला. यादीत सोमवारपुढे पुन्हा माझं नाव आलंय. कंसात 'आत्या'. साडेदहाला ती घरी आली. आंघोळ राहिली होती, म्हणून दगड उचलून बाथरूममध्ये गेली.