न वाकणारी चासी

मुरूम, ४ मे १९८६, रविवार
बायको शरणम्मा हिचा भाऊ गुरुलिंग सोलापूरहून रेडिओवर चालणाऱ्या दोन खेळण्यातल्या मोटारी घेऊन आला. एक मला दिली. पंचवीस तारखेला कोरड्या तळ्यात रेस. हरलो तर माझी पुढची खोली शरणम्माच्या शिलाई मशीनला. अट मीच घातली. हरायचा प्रश्नच नाही, मग मन मोठं ठेवायला काय जातं!

७ मे
मोटार खोलली. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, प्लॅस्टिकची! हातानं पिळली तर पिळते. चासी कशाशी खातात हे कंपनीला माहीतच नाही. काढून टाकली. जिंकायचं तर चासी ताठ हवी.

१० मे, दुपारी
ॲल्युमिनियमची चासी तयार. उंबऱ्यावर आदळली, वाकली. शरणम्मानं विचारलं, परात कुठं गेली. संशोधन चालू आहे म्हणालो.

१४ मे
बाभळीची फळी. रामकिसन सुतार म्हणाला, "सायेब, लई कडक हाय, पर फाटंल." फाटली. निदान वाकली तरी नाही. प्रगती आहे.

१८ मे
लोखंडी पट्टी! वेल्डिंग करून आणली. स्वतः वर उभा राहिलो, अडुसष्ट किलो. तसूभर वाकली नाही. अंगणात दोन उड्या मारल्या. मोटार जरा सावकाश चालते. भारदस्त वाटते.

२२ मे
शरणम्मा टेप घेऊन खोलीची खिडकी मोजत होती. वर म्हणे, "तळ्यात समद्या भेगा हायत. गाडी जरा वाकाया नगं का?" समजावून सांगणार होतो, पण डेअरीत दूध यायची वेळ झाली.

२५ मे
दूध सोसायटीचा सेक्रेटरी या नात्यानं रेसची वेळ मी कालच फळ्यावर लिहिली होती. गाव लोटलं. मोटारीला विभूती लावली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मोटार लिंबावर चढेना. हातानं ढकलली.
शिट्टी झाली. गुरुलिंगची प्लॅस्टिकवाली अंग मुरडत भेगांवरून पळाली. माझी पहिल्याच भेगेवर अडकली. तीन चाकं जमिनीवर, मागचं एक हवेत गरगर. चासी जरा वाकली असती तर तेही टेकलं असतं. नाही वाकली! गुरुलिंग पूर्ण फेरी मारून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, बटण दाबलं का न्हाय?"
चासीवर ओरखडासुद्धा नाही. हे कुणी बघितलं नाही.

२८ मे
मशीन खोलीत आलं. मी रोजनिशी घेऊन अंगणात. वारा छान आहे. खोलीत तसंही उकडायचं. तासाभरात चार बाया ब्लाउजपीस घेऊन आल्या. पाचवीनं मला विचारलं, "टेलरबाईंचे मालक तुमीच का?"
पंधरा वर्षं सेक्रेटरी आहे मी. वाईट वाटलं.
व्हय म्हणालो, आणि तिचं कापड आत नेऊन दिलं.