पेन्सिलीची अर्धी गोष्ट

मंगळवार, संध्याकाळ



सिल्व्हर पार्क सोसायटीतली शिकवणी संपवून घरी आले तर सासूबाई मिक्सरच्या बोर्डासमोर उभ्या, आणि पेन्सिलीचं काळं टोक प्लगच्या भोकात खुपसून फिरवतायत. मी ओरडलेच. बटण बंद होतं. चालू असतं तर? पुढचा विचारच करवत नाही.

"पिन घट्ट जाते गं. तूच नाही का रविवारी कुलपात पेन्सिलीची पूड घातलीस?"

घातली होती. चावी लगेच फिरली. कसं काय, त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, आई, शिशाचे थर एकमेकांवरून घसरतात. एवढंच. आणि आज, तासाभरापूर्वी, दहावीच्या मुलांना काय शिकवून आले? ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. त्यात कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन बंधात अडकलेले, चौथा मोकळा, म्हणून त्यातून वीज जाते. दोनदा अधोरेखित करून घेतलं. मग घरी का नाही सांगितलं? सातवी शिकलेल्या बाईला काय कळणार, असंच ना?

मघाशी सांगितलं शेवटी. हातातली पेन्सिल न्याहाळत त्यांनी ऐकलं.

"म्हणजे थर घसरतात म्हणून चावी फिरते, आणि तो मोकळा चौथा वीज नेतो. सोपं तर आहे. रविवारीच का नाही बोललीस?"

उत्तर मला माहीत होतं.