सोफ्याचा सुटा कोपरा

आण्णा,

तुमचा सोफा मंचरला पोहोचला. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातून उभा करून चढवावा लागला, तेव्हा त्याचा डावा हात भिंतीला घासला आणि सागावर बोटभर ओरखडा उठला. बाकी रेक्झिन शाबूत आहे, बैठकीखालचे पट्टे ताणलेले आहेत, आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली तरी तो अजून कुठे खचलेला नाही. एवढंच कळवायचं असतं तर मी वही उघडली नसती. येडगावचा मळा सोडला त्या दिवशी सोफा बांधताना जे झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. त्याला आता दोन महिने होतील. अजून कुठे प्लास्टिक चुरचुरलं की मी हातातलं काम टाकून तिकडे धावतो.

मळा का सोडला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की पोरगा बायकोचं ऐकून पळाला. तुमच्या वेळीही बिबट्या होताच, पण तो बहुतेक ऐकण्यातला होता. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, एवढंच कानावर यायचं. आता तो डोळ्यांना दिसतो. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस, आणि तो सुरू होतो ओट्यापासून पंधरा पावलांवर. उन्हाळ्यात शेजारच्या गोठ्यातलं वासरू भर दुपारी ओढून नेलं. तेव्हापासून वस्तीवरच्या बाया खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या, टोकं बाहेर काढलेले. बिबट्या मान धरतो म्हणून. तुमचं उरलेलं मरून रंगाचं रेक्झिन आणि बारीक खिळ्यांचा डबा माझ्याकडे होता, तेव्हा सगळ्यांना पट्टे मीच करून दिले. शेवटचा पट्टा केला तो तुमच्या नातीसाठी. ती साडेचार वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिच्या मानेचं माप घेताना दोरी माझ्या हातातून दोनदा निसटली. बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आवो, आता लई झालं. मला हितं न्हाई ऱ्हायाचं." मी मंचरात फ्लॅट बघायला लागलो. मला तिच्याहून जास्त भीती वाटत होती, फक्त मी ते बोलत नव्हतो.

आणि या भीतीपायी मी पोरीला एक धडा शिकवला. बिबट्या आला असं कुणी म्हटलं की धावायचं नाही, ओरडायचं नाही. जिथे तो शिरू शकणार नाही अशा जागी लपायचं, आणि बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी आवाज करायचा नाही. मी तिच्याकडून हे रोज म्हणून घ्यायचो, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. ती डोळे मोठे करून म्हणायची, "आवाज न्हाई करायचा." मला तिचं फार कौतुक वाटायचं.

तुमच्या हाताखाली मी दोन वर्षं होतो, लग्नाआधी. हायवेच्या कडेचं ते पत्र्याचं शेड, काथ्याचा आणि गोंदाचा वास, आणि तुम्ही तोंडात खिळे धरून माझ्याशी बोलताय. तेव्हा अवसरीच्या एका गिऱ्हाइकाचा सोफा मी घाईघाईने संपवला होता. तळाचं काळं कापड ठोकलं, टेम्पोत चढवला, आणि पाठवून दिला. त्यानंतर शेडमधली मांजर ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात, ती सोफ्याच्या रिकाम्या जागेभोवती फिरताना पाहिलीत, आणि मला मोटारसायकलवर बसवून अवसरीला नेलंत. भरल्या घरात, पावण्यांसमोर तो नवा सोफा पालथा घातलात. खिळे एकेक करून मला काढायला लावलेत. आत तीन पिल्लं होती. एक गेलं होतं. तुम्ही ते रुमालात घेतलंत आणि परत येताना वाटेत गाडी थांबवून म्हणालात, "तळ झाकायच्या आदी आत हात फिरवायचा. पार कोपऱ्यापातुर. आत जीव हाय का न्हाई, ते वरून दिसत न्हाई." तुम्ही मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पुढे तुम्ही जेवढे सोफे केलेत, त्या प्रत्येकाच्या तळाचा एक कोपरा दोनच खिळ्यांवर सुटा ठेवलात. गिऱ्हाइकांना सांगायचात की दुरुस्तीला सोपं जातं. खरं कारण मला ठाऊक होतं.

माझ्या लग्नात तुम्ही दिलेल्या या सोफ्यालाही तसाच सुटा कोपरा आहे. आईचे गुडघे दुखायचे म्हणून तुम्ही बैठक उंच केली होती, त्यामुळे पोटात चांगली पोकळी आहे. तो कोपरा वर उचलून आमची लेक आत सरपटत जायची. बाहुली, पोळीचा तुकडा, माझा चष्मा, सगळं तिथे सापडायचं. आम्ही हसायचो. ते तिचं घर होतं.

आता त्या दुपारी चार वाजताचं. बाकीचं सामान टेम्पोत चढलंय, सोफा तेवढा ओट्यावर राहिलाय. तुमची पद्धत मला पाठ आहे. आधी गोधडी, मग कोपऱ्यांना पुठ्ठे, मग प्लास्टिक, शेवटी दोरी; रेक्झिनला प्लास्टिक थेट लागू द्यायचं नाही, उन्हात चिकटतं. पण गोधड्या टेम्पोत खाली गेल्या होत्या आणि त्या पुन्हा उपसायचा मला कंटाळा आला. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरून उरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर गोठ्यात पडला होता, रोपांसाठी भोकं पाडलेला. बायको म्हणाली, "ह्या भोकांतनं समदी धूळ जाईल. नवा कागद आणा की मंचरातनं." मी म्हटलं, "पन्नास पावलावर पडलाय तो वापरू का पंचवीस किलोमीटर जाऊ?" आणि गोठ्याकडे गेलो. मी तिकडे असतानाच कुत्रं उसाकडे तोंड करून भुंकायला लागलं. टेम्पोवाला सहज म्हणाला, "काय राव, बिबट्या आला का काय?" तो हसत होता. मीही गोठ्यातून हसलो.

मी रोल घेऊन आलो. आम्ही दोघांनी सोफा एका अंगावर उचलला, खालून कागद घातला. टेम्पोवाला दमला. "लई जड हाय हो, भाऊ. आजकालचं सोफं दोन बोटांनी उचलत्यात." आणि मी, आण्णा, छाती फुगवून म्हणालो, "आमच्या आण्णांनी केलाय. साग हाय." कागद एकच वेढा पुरला. वरून नायलॉनची दोरी आवळली, गुडघा लावून आवळली, तुमच्यासारखी गाठ मारली. मी आत हात फिरवला नाही.

मग बायको घराला कुलूप लावून आली आणि म्हणाली, "पोरगी कुठंय?"

मी टेम्पोच्या केबिनमध्ये पाहिलं. मोरीत पाहिलं, गोठ्यात, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. टाकीत पाहताना मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. शेजारच्या काकू ओट्याच्या पायरीपाशी थांबल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. "आरं, हिचा पट्टा हितं पडलाय." मरून पट्टा, खिळ्यांची टोकं वर, बक्कल सुटलेलं. बायको खाली बसली ती उठेचना. वस्तीवरचे सगळे आले, थाळ्या, डबे, पत्रे वाजवायला लागले, कुणी वनखात्याला फोन लावला. मी काठी घेऊन उसात शिरलो. टेम्पोवाल्याने माझा शर्ट धरला, "भाऊ, एकटं नका शिरू," आणि मी त्याला ढकललं. उसाची पाती तोंडावर सपासप लागत होती. मी जमीन बघत होतो. मला तिच्या फ्रॉकचा पिवळा रंग दिसायला हवा होता, आणि दिसू नये असंही वाटत होतं. प्रत्येक पावलाला मी देवाला सांगत होतो की पुढच्या पावलावर काही दाखवू नकोस. मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो, आणि मीच तिला शिकवलं होतं की हाकेला ओ द्यायची नाही.

पाऊण तासाने मी ओट्याकडे परत आलो. इथपासून पुढचं मी सगळ्यांना असं सांगितलंय: सोफा दिसला आणि मला ती पिल्लं आठवली, तुमचा शब्द कानात वाजला, मी कोयता घेतला आणि सपासप दोरी कापली. सुट्या कोपऱ्यातून आधी तिचं डोकं आलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल, श्वास चालू. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कुजबुजत विचारलं, "गेला का बिबट्या? पप्पा, मी आवाज न्हाई केला." पट्टा तिने स्वतः काढला होता, कारण आत शिरताना खिळे कापडात अडकत होते. मल्चिंगचं एक भोक बरोबर त्या कोपऱ्यापाशी आलं होतं आणि ती त्याला तोंड लावून बसली होती. मी नवा कागद आणला असता तर. मी तुमच्या पद्धतीने आधी गोधडी गुंडाळली असती तर. तुमचं एक ऐकलं नाही म्हणून ती आत कोंडली गेली आणि दुसरं ऐकलं नाही म्हणून तिला हवा मिळाली. याचा विचार करायला लागलो की मी उठून लेक कुठे आहे ते बघून येतो.

आता फ्लॅटमध्ये कुणी आलं की बायको ही गोष्ट सांगते. माझ्याकडे बोट करून म्हणते, "ह्यांना आण्णांची आठवण झाली म्हणून. न्हाईतर काय झालं असतं." दर सोमवारी ती तुमच्या फोटोला हार घालते, पूर्वी फक्त श्राद्धाला घालायची. पावणे फोटोकडे बघून हात जोडतात. लेक त्याच सोफ्यावर उड्या मारत असते. मी चहा घेऊन येतो म्हणून आत जातो.

तसं झालं नव्हतं, आण्णा. उसातून आलो तेव्हा मला ना पिल्लं आठवली, ना अवसरी, ना तुम्ही. मला बसायचं होतं आणि ओट्यावर बसायला दुसरं काही नव्हतं. मी सोफ्यावर बसलो. नुसता धपकन बसलो, वर, तिच्या डोक्यावर, आणि रडायला लागलो. कागद चुरचुरला. मल्चिंगची जुनी धूळ उडाली असेल. माझ्या खाली कुणीतरी शिंकलं.

रोज संध्याकाळी दार लावायच्या आधी मी सोफा एका अंगावर करतो आणि आत हात फिरवतो, पार कोपऱ्यापर्यंत. लेकीला तो खेळ वाटतो. बायकोला वाटतं मी तुमचा शब्द पाळतोय. वहीतले हे कागद फाडून मी त्याच सुट्या कोपऱ्यातून आत सरकवून ठेवणार आहे, पाठवायचे तरी कुठे. तुमच्या फोटोकडे मी अजून नीट बघत नाही. त्या पाऊण तासात मला तुमची आठवण एकदाही आली नाही.