राणीला पाणी मिळेपर्यंत

आई, आमच्या पुढच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलीची दहावीची उजळणी आखून देण्यात माझा हा हिवाळा गेला, आणि त्या निमित्ताने तुझी आठवण इतक्या वेळा झाली की शेवटी कागद घेऊन बसले. तू असतीस तरी हे पत्र तुला वाचूनच दाखवावे लागले असते, आणि ते काम माझेच होते. आता लिहिणारीही मी आणि वाचणारीही मी.

मुलीचे वडील एसटीत वाहक आहेत. ती पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली तेव्हापासून हे कुटुंब चिखलीच्या या घरात राहत होते. मागच्या बाजूला मी. यजमान गेल्यानंतर या घरात माणसाचा आवाज ऐकू येई तो मधल्या भिंतीतूनच. मुलगी मोठ्याने पाठांतर करी. पाढे, मग कविता, मग नद्या आणि त्यांच्या उपनद्या. ती कृष्णेपाशी अडखळली की माझा घास हातात थांबे, आणि पुढचे नाव आठवले की आम्ही दोघी पुढे जात असू. तिला हे ठाऊक नव्हते. दिवाळीनंतर तिच्या वडिलांच्या बदलीचा हुकूम आला. दूरचे आगार आहे. मुलीचा शेवटचा पेपर झाला की बिऱ्हाड हलवायचे असे ठरले, आणि ते मला सांगताना तिची आई उगाच माझ्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडत उभी राहिली.

पूर्व परीक्षेत मुलगी भूमितीत नापास झाली. उत्तरपत्रिका मिळाली त्या दुपारी ती माझ्या पडवीत येऊन बसली. हातात तिने स्वतः केलेले वेळापत्रक होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तासाला निराळा रंग, भूमितीला तांबडा.

“काऊन रडून राह्यली?” मी विचारले. एरवी मी पोथीतली मराठी बोलते असे लोक म्हणतात, परंतु रडणाऱ्या माणसापुढे मला तुझीच भाषा येते.

“आजी, तांबड्या तासात एक प्रमेय पुरं होत नाही, तर हिरवा तास सुरू होते. मी इतिहासात जाते अन् डोकं तिथंच त्रिकोणात राह्यते.”

तिची आई दारातून म्हणाली, “रंगाच्या पेनातच अर्धी दहावी सरली इची. आजी, तुम्हीच सांगा आता काई.”

मी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवले. भूमितीचा आणि माझा संबंध मॅट्रिकपाशीच तुटला. ‘प्रमेय’ हा शब्द मला शास्त्रचर्चेतून ठाऊक, तिला वर्तुळाच्या स्पर्शिकेतून. तरीही मी होकार दिला. पोथी नेमाने कशी संपवावी हे मला कळते, एवढीच माझी पात्रता. मी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर पारायणाच्या रीतीने आखणी केली: पुस्तकाची पाने उरलेल्या दिवसांत समान वाटली, आरंभ गुरुवारी धरला आणि एकादशीला हलके प्रकरण ठेवले. मुलीने ते पाहिले आणि रडता रडता ती हसू लागली.

“आजी, भूमितीचं पारायण करून पुण्य भेटन. मार्क नाई भेटत!”

हसले मीही. पण तिचे म्हणणे खरे होते. तिच्या वेळापत्रकात घड्याळ मालक होते, माझ्या आखणीत पाने. कोठे थांबावे हे दोन्हींतही लिहिलेले नव्हते. आणि कोठे थांबावे हे मला कोणी शिकवले असेल तर ते तू.

देऊळघाटचे आपले स्वयंपाकघर. भाकरी झाल्या आहेत, चुलीत निखारे आहेत. तू सूप पुढे ओढून तूर निवडते आहेस आणि मी तुझ्यासमोर चौरंगावर पोथी मांडून ओव्या वाचते आहे. तो चौरंग तू शेगावहून आणला होतास, मी चौथी पास झाले तेव्हा. बाकीच्या बाया लेकींना बांगड्या घेत होत्या. तू चौरंग डोक्यावर घेऊन फलाटावर उभी होतीस, आणि कोणी विचारले की म्हणायचीस, “पोरीच्या पोथीले बसाले पायजे.” त्या दिवशी वाचता वाचता मला भूक लागली होती. राजाने टाकलेली राणी वनात एकटी रडते आहे, अशा ठिकाणी अध्याय संपला. मी पोथी मिटली आणि उठले. तुझा हात सुपातच थांबला.

“काय व, तिले तशीच रडती ठेवून उठली का तू?”

“अध्याय संपला, आई.”

“अध्याय संपला, तिचं रडणं कुठं संपलं? तुले भूक लागली म्हणून तिनं रातभर जंगलात राहावं? बस खाली. तिले कोणाजवळ तरी ने, पाणी तरी पाज, मंग ऊठ.”

मी पुन्हा बसले. पुढच्या अध्यायात जिथे राणीला एक तपस्वी भेटला आणि त्याने कमंडलूतले पाणी तिच्या ओंजळीत घातले, तिथपर्यंत वाचले, तेव्हा तू “हाव, आता झालं” म्हणालीस, पदर झटकलास आणि माझे ताट वाढायला उठलीस. त्यानंतर आपल्या घरी तोच नेम झाला. अध्याय कोठेही संपो, दुःखात कोणाला ठेवून पोथी मिटायची नाही. आणि पात्राला पाणी मिळाल्याखेरीज तू जागची हलायची नाहीस. पुढे मी मोठमोठ्या पंडितांकडून विश्रामस्थानांचे, म्हणजे पारायणात कोठे थांबावे याचे, विवेचन ऐकले. ते सगळे ऐकताना मला सुपात थांबलेला तुझा हात दिसत असे.

हे मी त्या मुलीला सांगितले. मग आम्ही दोघींनी मिळून तिसरे वेळापत्रक आखले. त्यात तास नव्हते, पानेही नव्हती. दिवसाला एक संकट, आणि त्याचा विश्राम. अडलेल्या प्रमेयावर पुस्तक मिटायचे नाही. नाहीच सुटले तर मागचे एखादे सोपे उदाहरण सोडवायचे, हात सरळ करायचा आणि मग उठायचे. अडले ते दुसऱ्या दिवशी आधी घ्यायचे. इतिहासही तसाच, कोणतीही लढाई अर्ध्यावर टाकायची नाही. मुलीने हे इतके मनावर घेतले की भिंतीपलीकडून तिची आई जेवायला हाका मारी आणि ही माझ्या पडवीतून ओरडे, “थांब व, त्रिकोणाले पाणी पाजून येते!” तिचे भूमितीचे पुस्तक तुझ्या चौरंगावर असे. पोथीच्या जागी कंपासपेटी पाहून पहिल्या दिवशी मला किंचित अवघडल्यासारखे झाले. मग ते गेले.

वेळापत्रकात एक रकाना कोरा उरला होता. मुलीने त्यावर ‘आजी’ असे लिहिले.

“तुमची उजळणी कोण्या विषयाची?”

“माझे सगळे विषय संपले.”

“असं कसं? एखादा तरी कच्चा असनच.”

आणि विचार करण्यापूर्वीच मी बोलून गेले की एक पोथी अर्धवट राहिली आहे. ती तुलाही ठाऊक आहे, आई. त्याच राणीची. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तूच ती पुन्हा वाचायला सांगितली होतीस. दिवेलागणीला मी तुझ्या उशाशी बसून वाचत होते. राणी वनात आली, आणि तपस्वी भेटण्यापूर्वीच तुझा डोळा लागला. श्रोता निजला की वक्त्याने थांबावे, म्हणून मी तुळशीचे पान ठेवून पोथी मिटली. तू सकाळी जागी झालीस की पुढे वाचू, असे मनात होते. तू जागी झाली नाहीस. त्यानंतर मी कितीतरी पारायणे केली, त्या पोथीचे फडके मात्र सोडले नाही.

मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. “म्हणजे ते राणी तवापासून जंगलातच हाय? बाप रे, आजी!” तिने माझ्या रकान्यात तिच्या शेवटच्या पेपरच्या दिवसापर्यंत बाण ओढला.

त्या संध्याकाळी मी फडके सोडले. तुळशीच्या पानाची नुसती शीर उरली होती. मग रोज दिवा लागला की चौरंगाच्या एका बाजूला मुलगी स्पर्शिका काढी आणि दुसऱ्या बाजूला मी मांडीवर पोथी घेऊन थोड्या ओव्या वाची. पोथीचा नेम मी मोडत होते, थेंबाथेंबाने पुढे जात होते. परंतु मला घाई करवेना. मध्येच ती मान वर करून विचारी, “पोचली का कुठं?” मी म्हणे, “चालते आहे.” ‘उजळणी’ हा शब्द मी मुलांना जन्मभर सांगत आले, पण त्यातले उजळणे तुझ्या चिंच लावून घासलेल्या समईचे आहे, हे त्या दिवसांत ध्यानी आले. काळवंडलेले पितळ घासले की आतून नवे काही निघत नाही. होते तेच दिसते.

परवा तिचा शेवटचा पेपर झाला. पाठीवरचे दप्तरही न उतरवता ती पडवीत आली.

“सगळ्याईले पाणी पाजून आली, आजी! भूमितीत पास होईन एवढं तर नक्की लिहिलं. तुमचं? राणीले भेटलं का पाणी?”

“मिळाले,” मी म्हणाले.

तिने माझ्या रकान्याच्या टोकाला मोठी बरोबरची खूण केली, तांबड्या पेनाने, आणि ते पान माझ्या देवघरासमोरच्या खिळ्याला अडकवून दिले. काल सकाळी टेम्पो आला. ती पाया पडली तेव्हा मी पदराच्या टोकाने तिच्या बोटांवरची शाई पुसू लागले. ती म्हणाली, “राहू द्या आजी, ते नाई निघत.” निकाल लागला की फोन करीन म्हणाली. करीलही.

आज दिवेलागणीला चौरंगावर पुन्हा पोथी आहे. भिंतीपलीकडे काही नाही. ताट वाढून घेतले आणि एका घासाशी बराच वेळ थांबले, पलीकडून कोणी अडखळले नव्हते तरीही.

आई, राणीला पाणी मिळाले असे मी मुलीला सांगितले, ते तसे नाही. तपस्वी भेटला आहे. त्याने कमंडलू उचलला आहे, राणीने ओंजळ पुढे केली आहे, आणि तिथे मी नवे पान घातले आहे तुळशीचे. पुढची ओवी मला पाठ आहे. पण राणीला पाणी मिळाले की तू पदर झटकून उठायचीस.